व्हिडिओचा फॉरमॅट बदलल्यावर आवाज आणि चित्र जुळत नाही : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न लोक पुन्हा पुन्हा पाठवतात, म्हणून ते एकत्र केले आहेत. घाईत असाल तर निदान प्रश्न २ वाचून मग आपल्या अडचणीकडे वळा. चुकीचं निदान करून केलेल्या दुरुस्तीने फाइल आणखी बिघडते, असं बहुतेक पत्रांत दिसतं.

१. कन्व्हर्ट केलेल्या व्हिडिओत ओठ आधी हलतात आणि आवाज मागून येतो. कन्व्हर्टर खराब आहे का?

सहसा नाही. एमपी४, एमकेव्ही, एव्हीआय ही नुसती वेष्टनं आहेत. आत चित्राचा एक ट्रॅक आणि आवाजाचा दुसरा, असे दोन वेगळे ट्रॅक असतात. कोणती फ्रेम (एकेक स्थिर चित्र) कधी दाखवायची आणि आवाजाचा कोणता तुकडा कधी वाजवायचा, याच्या वेळा वेष्टनात लिहिलेल्या असतात. फॉरमॅट बदलताना प्रोग्राम हे ट्रॅक सोडवतो आणि नव्या वेष्टनात पुन्हा बांधतो. त्यात वेळा हरवल्या, चुकीच्या वाचल्या गेल्या किंवा अंदाजाने भरल्या गेल्या, की दोघांची जोडी तुटते. मूळ फाइलमध्येच वेळा विस्कटलेल्या असणं, हे कारण सगळ्यांत जास्त आढळतं. मूळ प्लेअर त्या सांभाळून घेत होता, म्हणून दोष दिसत नव्हता, एवढंच.

२. दुरुस्तीला सुरुवात कुठून करू?

मोजण्यापासून. कोणतंही सेटिंग बदलण्याआधी फाइल तीन ठिकाणी पाहा: सुरुवातीला, मधोमध आणि शेवटी. प्रत्येक ठिकाणी आवाज किती पुढे किंवा मागे आहे ते लिहून ठेवा. त्यावरून तीनपैकी एक चित्र समोर येतं.

तिन्ही ठिकाणी फरक सारखाच असेल, तर तो ठरलेला फरक. हा सगळ्यांत सोपा, प्रश्न ६ पाहा. सुरुवातीला जुळतं पण पुढे फरक वाढत जातो, तर तो वाढता फरक. याची मुख्य कारणं दोन: फोनसारख्या उपकरणाचा बदलता फ्रेमरेट, म्हणजे सेकंदाला येणाऱ्या फ्रेमची संख्या (प्रश्न ८) किंवा चुकीचा गृहीत धरलेला वेग (प्रश्न ९ ते ११). वाढ समान आहे की नाही, हे मधल्या मापावरून कळतं. शेवटी ४ सेकंद फरक असेल आणि मधोमध २ सेकंद, तर वाढ सरळ रेषेत आहे. मधोमध ३ किंवा अर्धा सेकंद आला, तर नाही. तिसरा प्रकार म्हणजे उडी. एका विशिष्ट क्षणापर्यंत सगळं ठीक असतं आणि तिथून पुढे अचानक फरक पडतो (प्रश्न १२).

मधलं माप लोक सर्रास गाळतात आणि मग बदलत्या फ्रेमरेटच्या फाइलचा आवाज ताणत बसतात. सुरुवात आणि शेवट जुळतात, मधला सगळा भाग बिघडलेलाच राहतो.

३. फरक नेमका किती आहे ते कसं मोजायचं? नुसतं बघून अंदाज येत नाही.

व्हीएलसी या प्लेअरमध्ये फाइल लावा. कीबोर्डवरचं 'के' बटण दाबलं की आवाज ५० मिलिसेकंद उशिरा वाजतो, 'जे' दाबलं की ५० मिलिसेकंद लवकर. ओठ जुळेपर्यंत दाबत राहा. स्क्रीनवर दिसणारा आकडा हेच तुमचं माप. ही जुळणी फक्त पाहण्यापुरती असते, फाइलमध्ये काहीच बदलत नाही, त्यामुळे निर्धास्त प्रयोग करा.

मोजायला जागा नीट निवडा. टाळी, दार आपटणं, टेबलावर कप ठेवणं, असा क्षणात उमटणारा आवाज उत्तम. तसं काही नसेल तर बोलणाऱ्याचे ओठ मिटून उघडतात ती अक्षरं शोधा: प, ब, म. 'अ' किंवा 'स' वर मोजायला गेलात तर माप हमखास चुकतं.

याहून बारीक माप हवं असेल तर एडिटरमध्ये फाइल उघडून आवाजाची लहर आणि फ्रेम समोरासमोर पाहा. सेकंदाला २५ फ्रेम असतील तर एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची, ३० असतील तर सुमारे ३३ ची.

४. दोष फाइलचाच आहे, हे नक्की कसं ठरवू?

आधी ब्लूटूथ हेडफोन काढा. बिनतारी आवाज पोहोचायला सहज दीडदोनशे मिलिसेकंद जातात. काही प्लेअर त्याची भरपाई करतात, काही करत नाहीत. टीव्हीला जोडलेल्या साउंडबारचंही तसंच. वायरचे हेडफोन किंवा मशीनचाच स्पीकर लावून पुन्हा पाहा.

मग तीच फाइल दुसऱ्या प्लेअरमध्ये लावा. जुन्या मशीनला मोठ्या रिझोल्यूशनचा व्हिडिओ झेपत नसेल तर चित्र अडखळत मागे पडतं आणि आवाज पुढे निघून जातो. फाइल दहा मिनिटं पुढे नेल्यावर काही क्षण सगळं जुळलं आणि मग पुन्हा बिघडलं, तर संशय मशीनवर घ्या, फाइलवर नको. मूळ फाइलही तशीच बिघडलेली आहे का, हे तपासायला विसरू नका.

५. कितपत जुळलं म्हणजे पुरे?

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची १९९८ ची शिफारस, आयटीयू-आर बीटी.१३५९, याला आकडे देते. आवाज चित्राच्या सुमारे ४५ मिलिसेकंद पुढे गेला किंवा सुमारे १२५ मिलिसेकंद मागे पडला, की प्रेक्षकाला फरक जाणवू लागतो. ९० पुढे किंवा १८५ मागे गेला की तो खपत नाही.

दोन्ही बाजूंचे आकडे सारखे का नाहीत? हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. मैदानाच्या पलीकडे कुणी फटका मारला तर बॅट आधी दिसते आणि आवाज मागून येतो. उशिरा येणाऱ्या आवाजाची आपल्याला जन्मापासून सवय असते. कृतीच्या आधी आवाज निसर्गात कधीच येत नाही, म्हणून तो लगेच खटकतो. तेव्हा नेमकं जुळवता येत नसेल, तर आवाज किंचित मागे ठेवा, पुढे कधीच नको.

मी स्वतः एका फ्रेमच्या आत आणल्याशिवाय फाइल सोडत नाही. शिफारशीतली मर्यादा 'आता बिघडलं' हे सांगते. तिच्या काठावरचं काम पाहताना डोक्याला बारीक ताण येतो आणि तो कशामुळे येतोय, हे पाहणाऱ्याला सांगताही येत नाही.

६. संपूर्ण फाइलमध्ये आवाज सारखाच मागे आहे. पुन्हा कन्व्हर्ट न करता सरकवता येईल का?

येईल, आणि तसंच करावं. चित्र पुन्हा एन्कोड करायची, म्हणजे नव्याने दाबून साठवायची, काही गरज नसते. वेष्टनातल्या वेळा बदलल्या की झालं. गुणवत्ता जराही जात नाही आणि फाइल लिहायला लागेल तेवढाच वेळ लागतो.

एमकेव्हीटूलनिक्समध्ये फाइल ओढा, आवाजाचा ट्रॅक निवडा, 'डिले' च्या रकान्यात मिलिसेकंद भरा आणि नवी फाइल बनवा. एव्हीडेमक्समध्ये आवाजाच्या विभागात 'शिफ्ट' आहे. तिथे आकडा टाकून चित्र आणि आवाज दोन्ही 'कॉपी' वर ठेवा. एफएफएमपेग हा आज्ञा टाइप करून चालवायचा प्रोग्राम वापरणाऱ्यांनी तीच फाइल दोनदा इनपुट म्हणून द्यायची. दुसऱ्या इनपुटच्या आधी 'आयटीएसऑफसेट' लावायचा, पहिल्यातून चित्र आणि दुसऱ्यातून आवाज 'मॅप' करायचा, आणि कोडेक (एन्कोड करायची पद्धत) 'कॉपी' ठेवायचा. हा पर्याय त्याच्यानंतर येणाऱ्या इनपुटला लागतो. त्याची जागा चुकली तर आवाजाऐवजी चित्र सरकतं. याबद्दल येणाऱ्या बहुतेक तक्रारींचं मूळ हेच निघतं.

७. डिले अधिक टाकायचा की उणे?

आवाज लवकर येत असेल तर त्याला थांबवायचं, म्हणजे अधिक. उशिरा येत असेल तर पुढे ओढायचं, म्हणजे उणे. व्हीएलसीमध्ये मिळालेलं चिन्ह एमकेव्हीटूलनिक्समध्ये जसंच्या तसं चालतं. फरक दुप्पट झाला तर चिन्ह उलटं पडलंय. तीन तासांच्या फाइलवर हे तपासू नका. मिनिटभराचा तुकडा कापून त्यावर पाहा.

८. फोनवर काढलेला व्हिडिओ फोनवर छान दिसतो. एडिटरमध्ये टाकला किंवा कन्व्हर्ट केला की आवाज हळूहळू मागे पडतो. असं का?

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

फोनचा कॅमेरा '३० फ्रेम' म्हणत असला तरी प्रत्यक्षात तो नेमका तेवढ्याच फ्रेम काढतो असं नाही. उजेड कमी झाला की एक फ्रेम जास्त वेळ उघडी ठेवतो. फोन तापला किंवा प्रोसेसर दुसऱ्या कामात अडकला की एखादी फ्रेम गाळतो. म्हणून फ्रेमरेट क्षणाक्षणाला बदलतो. फोन प्रत्येक फ्रेमची खरी वेळ फाइलमध्ये प्रामाणिकपणे लिहितो. चांगला प्लेअर ती वेळ वाचून दाखवतो, म्हणून फोनवर सगळं जुळलेलं असतं.

जे प्रोग्राम या वेळांकडे न बघता 'सेकंदाला ३०' असं धरून फ्रेम एकामागे एक लावत जातात, तिथे घोटाळा होतो. समजा दहा मिनिटांच्या व्हिडिओत सरासरी २९.५ फ्रेम पडल्या. म्हणजे एकूण १७,७०० फ्रेम झाल्या. त्या ३० च्या वेगाने लावल्या तर चित्र ५९० सेकंदांत संपतं. आवाज मात्र पूर्ण ६०० सेकंदांचा. शेवटी पोहोचेपर्यंत आवाज १० सेकंद मागे पडलेला असतो. शिवाय ही वाढ समान नसते. अंधाऱ्या खोलीतल्या दृश्यात फरक भराभर वाढतो, उन्हातल्या दृश्यात जवळजवळ थांबतो. म्हणून आवाज एकसारखा ताणून हे सुटत नाही.

उपाय मूळ फाइलवरच करायचा: खऱ्या वेळा पाळून फ्रेमरेट स्थिर करून घ्यायचा. जिथे फ्रेम कमी पडते तिथे आधीची फ्रेम पुन्हा घेतली जाते, जास्त असेल तिथे गाळली जाते, आणि एकूण लांबी आवाजाइतकीच राहते. हँडब्रेकमध्ये व्हिडिओच्या टॅबवर फ्रेमरेट 'सेम ॲज सोर्स' वर न ठेवता ३० निवडा आणि खालचा पर्याय 'कॉन्स्टंट' करा. नुसतं 'कॉन्स्टंट' करून वरचा आकडा तसाच ठेवू नका. फाइलच्या सरासरीतून काढलेला विचित्र आकडा एडिटरला चालेलच असं नाही. एफएफएमपेगच्या नव्या आवृत्त्यांत 'एफपीएस मोड' ला 'सीएफआर' द्यायचं, जुन्या आवृत्त्यांत हेच काम 'व्हीसिंक' करायचा. शॉटकटमध्ये अशी फाइल टाकली की तो स्वतःच एडिटिंगला सोयीच्या रूपात बदलायचं विचारतो. त्याला हो म्हणा.

फाइल या प्रकारची आहे का, हे मीडियाइन्फो सांगतो. 'फ्रेमरेट मोड' पुढे 'व्हेरिएबल' दिसलं की एडिटिंगच्या आधी ही पायरी करायचीच. टाइमलाइनवर अर्धं काम झाल्यावर कळलं तर सगळे कट पुन्हा लावावे लागतात. स्क्रीन रेकॉर्डिंग आणि ऑनलाइन बैठकांच्या रेकॉर्डिंगलाही हेच लागू आहे.

९. फरक अगदी समान वाढतो, तासाला साडेतीन सेकंदांच्या आसपास. फाइल फोनची नाही.

तासाला ३.६ सेकंद म्हणजे हजारात एक. हा आकडा दिसला की कारण जवळजवळ नक्की: २४ आणि २३.९७६ किंवा ३० आणि २९.९७ यांची गल्लत. १९५३ मध्ये अमेरिकेत रंगीत टीव्हीचा एनटीएससी नियम ठरला, तेव्हा रंगाचा आणि आवाजाचा सिग्नल एकमेकांत मिसळू नये म्हणून ३० चा वेग किंचित खाली आणला गेला. त्यातून ३०,००० भागिले १,००१ हा अवघड आकडा आला, आणि २३.९७६ हे त्याचंच भावंड. ते प्रक्षेपण कधीच बंद पडलं, आकडा मात्र आजच्या फायलींत टिकून आहे.

दुसरी ओळखण्यासारखी जोडी २४ आणि २५. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमने बनतो. २५ फ्रेमच्या टीव्हीसाठी तो थोडा वेगाने चालवतात, म्हणजे सुमारे ४.२ टक्के जलद. एक तासाचा मजकूर ५७ मिनिटं ३६ सेकंदांत संपतो. इथे फरक मिनिटाला दोन-अडीच सेकंद वाढतो, त्यामुळे लगेच लक्षात येतो.

मूळ फाइल हाताशी असेल तर कन्व्हर्टरमध्ये फ्रेमरेट बरोबर निवडून पुन्हा करा. तो शुद्ध मार्ग. मूळ नसेल तर पुढचा प्रश्न पाहा.

१०. आवाज किती ताणायचा, याचा हिशोब कसा करायचा?

फाइलमधले दोन क्षण निवडा, एक सुरुवातीजवळ आणि एक शेवटाजवळ. दोन्ही ठिकाणी चित्रातली वेळ आणि आवाजातली वेळ लिहा. समजा चित्रात पहिली टाळी १० व्या सेकंदाला आणि आवाजही १० व्या सेकंदाला. चित्रात शेवटची टाळी ५,४१० व्या सेकंदाला, पण आवाज ५,४१५.४ ला. चित्रातलं अंतर ५,४००, आवाजातलं ५,४०५.४. आवाजाचं अंतर भागिले चित्राचं अंतर म्हणजे १.००१. आवाज इतक्या पटीने जलद करायचा. एफएफएमपेगच्या 'एटेम्पो' फिल्टरला हाच आकडा द्या. तो वेग बदलतो, सूर बदलत नाही. ऑडॅसिटीतही 'चेंज टेम्पो' आहे. आवाज पुन्हा एन्कोड होतो, पण चित्र 'कॉपी' राहतं.

उलटाही मार्ग आहे: आवाजाला हात न लावता चित्राच्या वेळा ताणायच्या. एमकेव्हीटूलनिक्समध्ये त्यासाठी 'स्ट्रेच बाय' चा रकाना आहे. तो चित्र आणि सबटायटलसाठी चांगला चालतो, आवाजाच्या ट्रॅकसाठी त्याच्यावर विसंबू नका. संगीताची मैफल असेल तर मी हाच मार्ग धरतो. ताणलेल्या तंतुवाद्याचा नाद सरावलेल्या कानाला कळतो, हजारात एकाने सावकाश झालेलं चित्र कुणालाच कळत नाही.

११. आवाज वेगाने पुढे पळतो आणि बोलणं थोडं बारीक, उंच सुरात येतं. हे काय आहे?

सूरही बदलला असेल तर कारण सॅम्पलरेटमध्ये, म्हणजे सेकंदाला आवाजाच्या किती नोंदी (नमुने) घेतल्या यात, शोधा. सीडीचा आवाज सेकंदाला ४४,१०० नमुन्यांचा असतो, व्हिडिओत सर्वसाधारणपणे ४८,००० चा. ४४,१०० ने ध्वनिमुद्रित केलेला आवाज ४८,००० चं लेबल लावून वाजवला तर तो सुमारे पावणेनऊ टक्के जलद धावतो. तासाचा आवाज ५५ मिनिटं साडेसात सेकंदांत संपतो आणि सूर सुमारे दीड अर्धस्वराने, म्हणजे पेटीवरच्या एका पट्टीहून थोडा जास्त चढतो. उलट घडलं तर आवाज जाड आणि रेंगाळलेला येतो.

इथे 'एटेम्पो' वापरायचा नाही. तो लांबी जुळवेल, पण चढलेला सूर तसाच ठेवेल. 'एसेटरेट' फिल्टरने खरा सॅम्पलरेट सांगायचा आणि मग ४८,००० वर रीसॅम्पल करायचं. लांबी आणि सूर दोन्ही जागेवर येतात. पुढच्या वेळी मायक्रोफोन, रेकॉर्डर आणि प्रोजेक्ट, तिन्ही ४८,००० वर ठेवा.

१२. वीस मिनिटांपर्यंत सगळं जुळतं, मग एकदम अर्ध्या सेकंदाचा फरक पडतो आणि तसाच राहतो.

ही उडी. त्या क्षणी काहीतरी गहाळ झालं आहे: टीव्हीच्या रेकॉर्डिंगमध्ये सिग्नल तुटला, ऑनलाइन बैठकीत नेटवर्क गेलं किंवा डीव्हीडीवर ओरखडा आला. मूळ फाइलमध्ये त्या पोकळीच्या आधीच्या आणि नंतरच्या वेळा बरोबर असतात, म्हणून प्लेअर निभावून नेतो. कन्व्हर्टर मात्र पोकळी गिळून उरलेला आवाज पुढे ओढतो.

एफएफएमपेगचा 'एरीसॅम्पल' फिल्टर 'ॲसिंक' ची किंमत १ ठेवून वापरा. तो वेळा पाहतो, आवाज कमी पडला तिथे शांतता भरतो आणि जास्त झाला तिथे छाटतो. १ पेक्षा मोठी किंमत दिली तर सेकंदाला तेवढ्या नमुन्यांपर्यंत आवाज ताणायची किंवा आवळायची मुभा त्याला मिळते. बोलण्यासाठी ते चालतं, संगीतासाठी मी १ वरच थांबतो. हे मूळ फाइलवरच करा. कन्व्हर्ट झालेल्या फाइलमध्ये पोकळीची खूण पुसलेली असते. मग उडीच्या जागी कापून पुढचा भाग हाताने सरकवण्यावाचून इलाज नाही.

१३. एन्कोड न करता सुरुवातीचा भाग कापला आणि आवाज-चित्र बिघडलं.

'कॉपी' करून कापताना चित्र कुठूनही सुरू होऊ शकत नाही. ते पूर्ण साठवलेल्या फ्रेमपासून, म्हणजे कीफ्रेमपासूनच सुरू करावं लागतं, आणि दोन कीफ्रेममध्ये काही सेकंदांचं अंतर असू शकतं. आवाज मात्र जवळजवळ कुठेही कापता येतो, कारण एएसी या आवाजाच्या नेहमीच्या फॉरमॅटचा एक तुकडा १,०२४ नमुन्यांचा, जेमतेम २१ मिलिसेकंदांचा असतो. दोघांच्या सुरुवाती वेगळ्या पडतात आणि कितवं मिलिसेकंद सुरुवात मानायची, याची सूचना वेष्टनात लिहिली जाते. जो प्लेअर ती सूचना वाचत नाही, तिथे फरक दिसतो. एव्हीडेमक्समध्ये बाणाच्या वरच्या-खालच्या बटणांनी कीफ्रेमवर जाऊन तिथेच कापा. नेमक्या फ्रेमवरच कापायचं असेल तर पुन्हा एन्कोड करणं आलं.

१४. अनेक क्लिप जोडल्या. पहिली जुळते, पुढच्या प्रत्येकीत फरक वाढतो.

प्रत्येक क्लिपमध्ये आवाज आणि चित्र मिलिसेकंदापर्यंत सारख्या लांबीचे नसतात. एक फ्रेम ३३ मिलिसेकंदांची, आवाजाचा तुकडा २१ चा, मग शेवट जुळणार कसा? सांध्यागणिक हा उरलेला तुकडा साचत जातो. क्लिपचे फ्रेमरेट किंवा सॅम्पलरेट वेगळे असतील तर आणखीच बिघडतं. आधी प्रत्येक क्लिप एकाच फ्रेमरेटवर (प्रश्न ८) आणि एकाच सॅम्पलरेटवर आणा, मग एफएफएमपेगच्या 'कॉन्कॅट' फिल्टरने किंवा सरळ एडिटरमध्ये जोडा. फिल्टर प्रत्येक सांध्यावर कमी पडलेला आवाज शांततेने भरून काढतो. नुसत्या फायली चिकटवणाऱ्या पद्धतीत ती सोय नाही.

१५. जुन्या एव्हीआय फायलींचंच असं का होतं?

एव्हीआयमध्ये प्रत्येक फ्रेमची वेळ लिहिलेलीच नसते. ठरलेल्या वेगाने मोजत जायचं, एवढीच व्यवस्था. त्यात बदलत्या बिटरेटचा (सेकंदाला कमीजास्त डेटा वापरणारा) एमपी३ घातला की अनेक प्रोग्रामचा आवाजाच्या लांबीचा हिशोब चुकतो. आवाजाचा ट्रॅक वेगळा काढून वेव्ह फाइल करा, तिची लांबी चित्राशी ताडून पाहा आणि दोन्ही एमकेव्हीमध्ये बांधा. नवीन काहीही एव्हीआयमध्ये साठवू नका.

१६. संगणकावर जुळतं, टीव्हीवर पेनड्राइव्हने लावलं की जुळत नाही.

प्रश्न ४ मधली तपासणी झाली असेल तर वेष्टनातल्या सूचनेचा संशय घ्या. प्रश्न ६ च्या पद्धतीने दिलेला डिले किंवा प्रश्न १३ मधली सुरुवात ही एमपी४ मध्ये 'एडिट लिस्ट' म्हणून नोंदली जाते आणि कित्येक टीव्ही ती वाचतच नाहीत. अशा वेळी फरक सूचनेत न ठेवता आवाजातच मुरवायचा. आवाज उशिरा हवा तर सुरुवातीला खरी शांतता जोडा, लवकर हवा तर सुरुवातीचा भाग खरोखर छाटा, आणि आवाज पुन्हा एन्कोड करा. चित्राला हात लावू नका.

एक छोटा फरक यातूनही उरतो. एएसी एन्कोडर सुरुवातीला थोडी रिकामी जागा सोडतो. एफएफएमपेगचा स्वतःचा एन्कोडर १,०२४ नमुने, ॲपलचा २,११२. एकदा ठीक आहे, पण एडिट लिस्ट न पाळणाऱ्या प्रोग्राममधून तीच फाइल पुन्हा पुन्हा कन्व्हर्ट केली तर हे मिलिसेकंद साचतात. प्रत्येक वेळी मूळ फाइलपासून सुरू करायचं, याला हेही एक कारण.

१७. आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घेतला. सुरुवातीची टाळी जुळवली, तरी दोन तासांनी आवाज सरकलेला.

कॅमेरा आणि रेकॉर्डर यांची घड्याळं वेगळी. दोन्हींत स्फटिक असतो आणि कोणतेही दोन स्फटिक तंतोतंत सारखे चालत नाहीत. दहा लाखांत ५० इतकाच फरक धरला तरी तासाला १८० मिलिसेकंद होतात, म्हणजे प्रश्न ५ मधली फरक जाणवण्याची मर्यादा तासाभरातच ओलांडली जाते. फायली निर्दोष आहेत. कार्यक्रमाच्या शेवटीही एक टाळी घ्या आणि प्रश्न १० चा हिशोब लावा. लांब मैफलीत मी आवाज ताणण्याऐवजी दोन गाण्यांमधल्या शांततेत कापून सरकवतो. ऐकणाऱ्याला सांधा कळत नाही.

१८. दुसऱ्या आवृत्तीतला दुसऱ्या भाषेचा आवाज या चित्राला लावायचा आहे.

आधी दोन्हींची लांबी ताडा. प्रमाण २५ भागिले २४ किंवा २५ भागिले २३.९७६ यांच्या जवळ असेल तर वेगाचा मामला आहे, प्रश्न १० प्रमाणे करा. प्रमाण असं नेटकं येत नसेल तर बहुधा कुठे दृश्य कापलेलं आहे, कुठे सुरुवातीची नामावली लांब आहे, कुठे मध्यंतराची जागा जास्त आहे. तिथे आवाज एकसारखा ताणून काही साधत नाही. दोन्ही आवृत्त्यांचे आवाज एडिटरमध्ये एकाखाली एक ठेवा. पार्श्वसंगीत दोन्हीत सारखं असतं, त्याच्या लहरी जुळवत जा आणि जिथे तुटतं तिथे कापा. काम चिकाटीचं आहे, पण पक्कं होतं.

१९. आवाज दुरुस्त केला, आता सबटायटल बिघडतील का?

सबटायटल चित्राला बांधलेले असतात. फक्त आवाज सरकवला किंवा ताणला तर त्यांना धक्का लागत नाही. चित्राच्या वेळा ताणल्या तर सबटायटलही त्याच प्रमाणात ताणायला हवेत. सबटायटल एडिटमध्ये फ्रेमरेट बदलायचा पर्याय त्यासाठीच आहे.

२०. मूळ फाइल पुसून टाकली. फक्त बिघडलेली उरली आहे.

ठरलेला किंवा समान वाढणारा फरक असेल तर काहीच गमावलेलं नाही, प्रश्न ६ आणि १० पुरेसे आहेत. बदलत्या फ्रेमरेटमुळे बिघडली असेल तर खऱ्या वेळा कायमच्या गेल्या. मग दर दृश्यागणिक कापून आवाज जुळवायचा. आधी संवादाच्या जागा जुळवा. नुसतं वारं किंवा गर्दी ऐकू येते तिथे थोडा फरक राहिला तरी चालतो. नवी फाइल सुरुवातीला, मधोमध आणि शेवटी पाहून खात्री होईपर्यंत मूळ फाइल पुसू नका, ही विनंती.

२१. टीव्हीचं रेकॉर्डिंग जेमतेम तासाचं आहे, पण कन्व्हर्ट केल्यावर फाइलची लांबी २६ तास दिसते.

टीव्हीचं प्रक्षेपण ज्या वेष्टनात येतं, त्या एमपीईजीच्या ट्रान्सपोर्ट स्ट्रीममध्ये वेळ सेकंदाला ९०,००० ठोक्यांनी मोजतात आणि तो आकडा ३३ बिटांत बसवतात. म्हणून सुमारे साडेसव्वीस तासांनी मोजणी पुन्हा शून्यावर येते. प्रक्षेपण अखंड चालू असतं, तुमचं रेकॉर्डिंग नेमकं त्या वळणावर पडलं तर तासाच्या फाइलमध्येही वेळ अचानक मागे उडी घेते. काही प्रोग्राम हे ओळखतात, काही गोंधळतात. प्रोजेक्टएक्ससारख्या, ट्रान्सपोर्ट स्ट्रीम दुरुस्त करणाऱ्या प्रोग्राममधून फाइल आधी काढा आणि मग कन्व्हर्ट करा. तेही जमलं नाही तर वळणाच्या अलीकडचा आणि पलीकडचा भाग वेगवेगळा कन्व्हर्ट करून प्रश्न १४ प्रमाणे जोडा.

२२. एडिटरमधला टाइमकोड (फ्रेम मोजून दाखवलेली वेळ) घड्याळाशी जुळत नाही, तासाला ३.६ सेकंद मागे असतो. आवाज-चित्र मात्र जुळलेलं आहे. दुरुस्त करू का?

नको. आकडा प्रश्न ९ मधलाच आहे, पण इथे दोष नाही. २९.९७ च्या व्हिडिओत फ्रेम ३० च्या हिशोबाने मोजत गेलं की टाइमकोड घड्याळाच्या मागे पडतो. 'ड्रॉप फ्रेम' पद्धतीत तासाला १०८ क्रमांक गाळून तो जुळवतात. गाळले जातात ते क्रमांक, फ्रेम नव्हेत. एडिटरमध्ये टाइमकोड 'ड्रॉप फ्रेम' वर करा आणि आवाज आहे तसाच राहू द्या.